अक्षर इथे, आज्ञा तिथे

संगणकाचे प्रोग्राम ज्या साधनात लिहिले जातात त्याला कोड एडिटर म्हणतात, आणि हा एडिटर स्वतःच्या संगणकावर न बसवता दूरच्या एखाद्या सर्व्हरवर बसवायचा व साध्या ब्राउझरच्या खिडकीतून वापरायचा, ही रीत गेल्या काही वर्षांत प्रोग्रामर मंडळींमध्ये चांगलीच रुळली आहे. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला, बहुधा भाड्याने घेतलेला आणि वापरणाऱ्याने कधीच डोळ्यांनी न पाहिलेला संगणक. फायली त्याच्या डिस्कवर असतात, प्रोग्राम त्याच्याच प्रोसेसरवर चालतात, आणि मेजावर उरतो तो पडदा, कळफलक आणि इंटरनेटची जोडणी. 'कुठूनही काम करता येते' एवढ्यावर या रीतीचे कौतुक सहसा आटोपते. ते कौतुक खरे असले तरी वरवरचे आहे, कारण या व्यवस्थेत सगळेच काम दूर जात नाही. कामाचे दोन भाग पाडले जातात, एक जवळ राहतो आणि दुसरा दूर पाठवला जातो, आणि ही फाळणी नेमकी कुठे केली आहे यावर रोजचे काम सुखाचे होणार की तापाचे, हे ठरते.

दूरच्या यंत्राकडून काम करून घेणे मुळात नवे नाही. उलट संगणकाच्या इतिहासात ते आधीचे आहे आणि मेजावरचा स्वतःचा संगणक ही नंतरची चैन आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळाच्या मानाने प्रचंड संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांतले संशोधकही आपले प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांच्या रूपात तिथे पोचवत, ते आपल्या पाळीने यंत्रात जात, आणि उत्तर किंवा चूक यांपैकी जे पदरात पडेल ते छापील कागदावर परत मिळे. एखादा स्वल्पविराम राहून गेला तर सगळी फेरी पुन्हा करावी लागे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेतील फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्येच यावर एक उपाय दाखवून दिला होता: एका संगणकाचा वेळ अनेक माणसांत इतक्या बारीक तुकड्यांनी वाटायचा की प्रत्येकाला यंत्र आपल्याच दिमतीला आहे असे वाटावे. टाइम-शेअरिंग या नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीत माणूस टंकयंत्रासारख्या टर्मिनलपुढे बसे आणि टर्मिनल तारेने दूरच्या यंत्राला जोडलेले असे. आजची ब्राउझरची खिडकी त्या टर्मिनलच्याच वंशातली, मात्र बऱ्याच पिढ्यांनंतरची.

मधल्या पिढ्यांतली एक विशेष लक्ष देण्याजोगी आहे. बर्कली येथे शिकत असलेल्या बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहायला घेतला, तेव्हा ते एडीएम-३ए जातीचे टर्मिनल वापरत आणि घरून काम करताना विद्यापीठाच्या संगणकाशी ३०० बॉडच्या मोडेमने जोडलेले असत. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. पडद्यावर २४ ओळी आणि ओळीत ८० अक्षरे धरली, तर पडदा एकदा पूर्ण भरायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागणार. अशा तारेवर काम करणारा माणूस आपोआप काटकसरी होतो. व्हीआयमध्ये एक शब्द पुसायला दोन कळा पुरतात, एक ओळ पुसायलाही दोनच, आणि आज्ञा देण्याची अवस्था मजकूर लिहिण्याच्या अवस्थेपासून वेगळी ठेवलेली असल्याने साधी अक्षरेच आज्ञा होऊन बसतात. कर्सर हलवण्यासाठी एच, जे, के, एल या कळा निवडल्या गेल्या, कारण एडीएम-३ए च्या त्याच कळांवर बाण छापलेले होते. नवख्याला आज हे सारे विक्षिप्त वाटते. पण त्या विक्षिप्तपणात एका संथ तारेचा पूर्ण हिशोब दडलेला आहे, आणि दूर अंतरावरून लिहिण्यासाठी इतक्या विचाराने घडवलेले साधन त्यानंतर क्वचितच झाले असेल.

पुढे संगणक स्वस्त झाले, घरोघर आले, आणि एडिटरांना अंतराची चिंता उरली नाही. ते फुगले. प्रोग्राम लिहिताना पुढचा शब्द सुचवणे, चुकीखाली लाल नागमोडी रेघ ओढणे, एखाद्या फलनाची मूळ व्याख्या कुठे आहे तिथे क्षणात नेणे, अशा सोयींसाठी एडिटरला अख्ख्या प्रकल्पाचे वाचन करून ते स्मृतीत बाळगावे लागे, आणि त्यासाठी तगडा संगणक लागे. ब्राउझरमध्येच कोड लिहिण्याचे प्रयत्न या काळातही चालू होते. मोझिलाच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये बेस्पिन नावाचा असा एक एडिटर पुढे आणला, क्लाउड९ ही कंपनी पुढच्याच वर्षी याच कल्पनेवर उभी राहिली. पण ब्राउझर तेव्हा या ओझ्याला पुरेसे तयार नव्हते आणि प्रोग्रामरांचा विश्वासही बसला नव्हता. खरे वळण आले ते मायक्रोसॉफ्टच्या झुरिक येथील एका छोट्या गटामुळे. एक्लिप्स या एडिटरच्या घडणीत मोठा वाटा असलेले एरिक गामा यांच्या नेतृत्वाखाली या गटाने मोनॅको नावाचा ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर रचला आणि २०१३ मध्ये तो कंपनीच्या क्लाउड सेवेवरच्या संकेतस्थळांचा कोड जागच्या जागी दुरुस्त करण्यासाठी उपलब्ध झाला. हाच मोनॅको पुढे इलेक्ट्रॉन या चौकटीत बसवून, म्हणजे ब्राउझरचे इंजिन ॲपच्या वेष्टनात घालून, २०१५ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड या नावाने मेजावरच्या संगणकांसाठी आणला गेला. आज जगभर जो एडिटर 'मेजावरचा' म्हणून वापरला जातो तो जन्माने ब्राउझरचाच आहे, ही गोष्ट वापरणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते.

ही फाळणी शक्य करणारा दुसरा निर्णय याहून कमी दिसणारा, पण अधिक दूरगामी होता. प्रत्येक भाषेची समज प्रत्येक एडिटरमध्ये वेगवेगळी भरण्यापेक्षा ती एका स्वतंत्र प्रक्रियेत ठेवावी आणि एडिटरने तिच्याशी ठरलेल्या नमुन्याच्या निरोपांतून बोलावे, असे २०१६ मध्ये जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने ठरवले. प्रोटोकॉल म्हणजे दोन प्रोग्रामांनी परस्परांशी बोलण्याचे संकेत. 'या ओळीत या ठिकाणी कर्सर आहे, इथे काय सुचवता येईल?' असा निरोप जातो आणि उत्तरादाखल नावांची यादी येते. आता निरोप एकदा ठरला, की तो त्याच यंत्रातल्या शेजारच्या प्रक्रियेकडे जातो की समुद्रापलीकडच्या यंत्राकडे, याने निरोपाच्या मजकुरात काही फरक पडत नाही. एडिटरची एक्स्टेन्शने, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, याही मुख्य खिडकीपासून अलग प्रक्रियेत चालत होत्याच. शिवण जागेवर होती, उसवायची तेवढी बाकी होती. २०१९ मध्ये कोडर या कंपनीने कोड-सर्व्हर हा मुक्त प्रकल्प काढून ती उसवली: खिडकी ब्राउझरकडे दिली आणि फायली, टर्मिनल, भाषेची समज व एक्स्टेन्शने सर्व्हरकडे ठेवली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही मेजावरच्या एडिटरमधून दूरच्या यंत्रावर काम करण्याची सोय दिली, आणि २०२० मध्ये प्रकल्पांचा कोड साठवणाऱ्या गिटहबने कोडस्पेसेस ही याच धर्तीची भाड्याची सेवा जाहीर केली.

ही फाळणी प्रत्यक्षात कशी जाणवते, हे एका अक्षराचा प्रवास जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. जुन्या पद्धतीत दूरच्या सर्व्हरशी एसएसएच या मार्गाने जोडतात; हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये घडवलेला हा मार्ग दोन यंत्रांमधला संवाद कुलूपबंद ठेवतो. या मार्गावर कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटत नाही. ते गुप्तलिपीत गुंडाळले जाऊन सर्व्हरकडे जाते, तिथला प्रोग्राम ते स्वीकारतो, 'हे दाखव' म्हणून परत धाडतो, आणि मग ते पडद्यावर येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचे व्हर्जिनिया राज्य हे सरळ रेषेतले अंतर तेरा हजार किलोमीटरांच्या घरात आहे, म्हणजे जाऊन येऊन निसर्गनियमानेच १३० मिलिसेकंद गेले. आणि केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास किंवा वर जातात. सफाईने टंकणारा माणूस सेकंदाला पाचेक अक्षरे सहज टंकतो. त्याच्या बाबतीत असे होते की एक अक्षर दिसेपर्यंत बोटाने पुढची कळ दाबलेली असते, डोळा सतत एक अक्षर मागे राहतो, आणि चूक झाल्यास मागे येण्याची कळ किती वेळा दाबली याचा अदमास चुकतो. सर्व्हर जवळ घेणे हा यावरचा सरळ उपाय, आणि तो महाराष्ट्रात आज अवघड नाही. मायक्रोसॉफ्टचे एक डेटा केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे आणि ॲमेझॉनचे मुंबईतले २०१६ पासून. पण प्रकल्प परदेशी कंपनीचा असेल तर यंत्र कुठे असावे हे पुण्यात बसलेल्या अभियंत्याला कोणी विचारत नाही.

ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये हाच प्रवास पार बदलतो. उघडलेल्या फाइलची एक प्रत ब्राउझरच्या स्मृतीत असते, दाबलेले अक्षर त्या प्रतीत तत्काळ घातले जाते आणि पडद्यावर दिसणाऱ्या तेवढ्याच ओळी पुन्हा रंगवल्या जातात; सर्व्हर व्हर्जिनियात असो की पुण्यातल्या वाकडला, बोटाला त्याचा पत्ता लागत नाही. झालेला बदल मागाहून निरोपाच्या रूपात पलीकडे जातो, तिथे भाषेची समज बाळगणारी प्रक्रिया तो वाचते, आणि सूचनांची यादी किंवा चुकीची लाल रेघ यथावकाश परत येते. परिणामी एकाच पडद्यावर दोन घड्याळे चालू असतात. अक्षरांचे घड्याळ जवळचे असते आणि अर्थाचे दूरचे. चूक दुरुस्त केल्यावरही लाल रेघ क्षणभर तशीच राहते. अनुभवी माणूस त्या क्षणात तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, नवखा मात्र बरोबर ओळ पुन्हा बिघडवून बसतो. खाली त्याच खिडकीत टर्मिनल उघडलेले असते आणि तिथे टंकलेली आज्ञा पुन्हा त्या जुन्या, जाऊन येणाऱ्या चालीने उमटू लागते. वरच्या अर्ध्या पडद्यात चपळ असलेला हात खालच्या अर्ध्यात अडखळतो, आणि अडखळण्याचे कारण माहीत नसलेल्याला वाटते की कळफलकच बिघडला.

अंतराचा हिशोब ज्याने सर्वांत आधी मांडला त्या व्हीआयचीच इथे मोठी गंमत होते. त्याच्या आज्ञांची सवय जडलेली माणसे आधुनिक एडिटरमध्येही त्याच कळा चालाव्यात म्हणून एक्स्टेन्शन बसवतात. हे एक्स्टेन्शन प्रत्येक कळ स्वतः अडवते, ती आज्ञा आहे की मजकूर हे ठरवते, आणि मग एडिटरला काय करायचे ते सांगते. ते जर सर्व्हरवरच्या प्रक्रियेत चालत असेल, तर प्रत्येक कळ निर्णयासाठी समुद्रापलीकडे जाते आणि अक्षर परत आल्यावरच दिसते; म्हणजे मंद तारेवर वेळ वाचवण्यासाठी शोधलेल्या कळांमुळेच, ज्या व्यवस्थेने मंद तार लपवली होती तिथे ती पुन्हा उघडी पडते. तेच एक्स्टेन्शन ब्राउझरच्या बाजूला चालवता आले तर तक्रार नाहीशी होते. एकाच साधनाची दोन्ही रूपे लागोपाठ वापरून पाहिली, म्हणजे फाळणीची रेघ दोन बोटे सरकल्याने काय होते हे समजायला दुसरे उदाहरण लागत नाही.

जोडणी तुटते तेव्हा तर ही रेघ डोळ्यांना दिसते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट वाहतुकीला मोठी खीळ बसली. रोजच्या जीवनात याच्या छोट्या आवृत्त्या घरातली वीज गेली किंवा रस्ता खोदताना कुदळ केबलला लागली की घडतात. एसएसएचची खिडकी अशा वेळी गोठते, काहीही टंकले तरी उमटत नाही, आणि माणूस निदान हात तरी आवरतो. ब्राउझरमधला एडिटर मात्र कोपऱ्यात पुन्हा जोडणी चालू असल्याची सूचना दाखवत अक्षरे स्वीकारत राहतो. सेव्ह न झालेल्या फाइलच्या नावाशेजारी एक भरीव ठिपका असतो. एरवी ब्राउझरमधली ही आवृत्ती लिहिणे थांबल्यावर थोड्याच वेळात फाइल आपोआप जतन करते, त्यामुळे तो ठिपका क्षणभर दिसून मावळण्याची सवय डोळ्याला झालेली असते. जोडणी तुटल्यावर तो मावळत नाही, आणि एवढाच काय तो पुरावा की लिहिलेले इथे आहे पण तिथे नाही. सर्व्हरवर आधीच सुरू केलेले लांबलचक काम मात्र चालू राहू शकते, आणि महाराष्ट्राच्या कित्येक गावांत विजेचा लपंडाव ज्यांनी सोसला आहे त्यांना या दिलाशाची किंमत वेगळी सांगायला नको.

इथे देवनागरीविषयी एक गोष्ट ओघात नोंदवण्यासारखी आहे. प्रोग्राममधल्या टिपा किंवा दाखवायचा मजकूर मराठीत लिहिणाऱ्याला एडिटरच्या भागात फारशी अडचण येत नाही, कारण अक्षरे जोडण्याचे काम ब्राउझर करतो आणि मराठी टंकलेखनाची सोय मेजावरच्याच संगणकाची असते. 'क्ष' पूर्ण होईपर्यंतच्या सगळ्या हालचाली इथल्या इथे होतात. टर्मिनल मात्र अजूनही सारख्या मापाच्या चौकटींचा पट आहे, एका चौकटीत एक खूण अशी त्याची मूळ समजूत आहे, आणि काना-मात्रा-वेलांट्या व जोडाक्षरे या समजुतीत नीट बसत नाहीत. त्यामुळे तोच मराठी मजकूर वर सुबक आणि खाली विस्कटलेला, असे दृश्य एकाच खिडकीत अनेकदा दिसते. दोष अंतराचा नाही, टंकयंत्राच्या वंशाचा आहे.

स्वतःचा असा एडिटर उभा करणे वरकरणी सोपे आहे. छोटे यंत्र भाड्याने घ्यायचे, एका आज्ञेने कोड-सर्व्हर बसवायचा, आणि तो चालू झाला की पहिल्या वेळी स्वतःच एक पासवर्ड तयार करून आपल्या मांडणीच्या फाइलीत लिहून ठेवतो. तो ऐकत असतो १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर; पोर्ट म्हणजे एका यंत्रातल्या वेगवेगळ्या सेवांना दिलेले क्रमांक, आणि हा पत्ता म्हणजे यंत्राचा स्वतःचा स्वतःला असलेला पत्ता, मागच्या दाराला फक्त आतून कडी असावी तसा. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून वैतागलेला माणूस मांडणी बदलून तो पत्ता सर्व जगासाठी खुला करतो, आणि इथेच घात होतो. मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये तयार झालेल्या झेडमॅप या साधनाने एकच संगणक पाऊण तासाच्या आत इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या सर्व पत्त्यांचे एक पोर्ट तपासून काढू शकतो, हे दाखवून दिले होते. तेव्हा आपला पत्ता कोणाला ठाऊक आहे, हा युक्तिवाद फोल आहे. शिवाय या एडिटरच्या पोटात टर्मिनल आहे. ज्याला पासवर्ड सापडला त्याला केवळ फायली वाचायला मिळत नाहीत, यंत्रावर हवी ती आज्ञा चालवायला मिळते.

म्हणून जाणती माणसे पत्ता तसाच ठेवतात आणि एसएसएचचा बोगदा काढतात, म्हणजे आपल्या संगणकाचे एक पोर्ट त्या कुलूपबंद मार्गाने सर्व्हरच्या पोर्टला जोडतात, किंवा पुढे दुसरा एक सर्व्हर उभा करून त्याच्यापाशी एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र ठेवतात. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेमुळे अशी प्रमाणपत्रे विनामूल्य मिळू लागली. हा सोपस्कार नुसत्या भीतीपोटी नाही. ब्राउझर उघड्या जोडणीवर आलेल्या पानाला क्लिपबोर्ड आणि इतर काही सोयी वापरू देत नाही, त्यामुळे प्रमाणपत्राविना उभारलेला एडिटर उघडतो, पण त्यात चिकटवणे चालत नाही, पूर्वदर्शन रिकामे दिसते, आणि माणूस दोष एडिटरमध्ये शोधत बसतो.

ब्राउझर आणखी एका बाबतीत घरमालकासारखा वागतो. कंट्रोल-डब्ल्यू या कळा एडिटरमध्ये एक फाइल मिटवतात, पण ब्राउझरमध्ये त्या अख्खी टॅब मिटवतात, आणि या भांडणात जिंकतो तो ब्राउझर. पान ॲपसारखे वेगळ्या खिडकीत बसवले की हा प्रश्न बराचसा मिटतो.

परवान्यांचा प्रश्न इतका सहज मिटत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, म्हणूनच कोड-सर्व्हर बनू शकला. परंतु मायक्रोसॉफ्टचा एक्स्टेन्शनांचा बाजार कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनांतूनच वापरावा अशी त्याची अट आहे. त्यामुळे कोड-सर्व्हरला एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या भांडारावर अवलंबून राहावे लागते, तिथे बहुतेक गोष्टी मिळतात आणि काही मिळत नाहीत. पायथॉन लिहिणाऱ्या पुष्कळांना सवयीचे झालेले पायलान्स हे त्यांतले ठळक. मुक्त कोडाचा पाया आणि त्यावर मालकीचा मजला, ही रचना चतुर आहे हे मान्य करावे लागते. मात्र तिला मुक्ततेचे श्रेय पूर्ण देऊ नये.

यंत्र स्वतः चालवायचे की सेवा घ्यायची, हा निवडीचा भाग याच्याशी जोडलेला आहे. स्वतः चालवणाऱ्याने कमीत कमी एक गिगाबाइट स्मृतीचे यंत्र घ्यावे असे कोड-सर्व्हरचे सांगणे आहे. पण त्या आकड्यावर विसंबून मोठा प्रकल्प उघडला, तर भाषेची समज बाळगणारी प्रक्रिया एकटीच ती स्मृती खाऊन टाकते, यंत्राची मूळ प्रणाली सर्वांत खादाड प्रक्रिया निवडून मारते, आणि पडद्यावर पुन्हा जोडणीची सूचना येते. सुरक्षेच्या सुधारणा बसवणे, प्रती काढणे, जागा संपली का पाहणे, हे सगळे त्याच्याच माथी येते. सेवा घेणाऱ्याची यातून सुटका होते. गिटहबने २०२२ च्या अखेरीस वैयक्तिक खात्यांना कोडस्पेसेसचे दरमहा ६० तास दोन कोअरच्या यंत्रावर मोफत दिले, आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सवलत लहान नाही. कंपन्यांना हीच व्यवस्था दुसऱ्या कारणासाठी आवडते: कोड कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर उतरतच नाही, नोकरी सुटली की एक खाते बंद केले म्हणजे काम झाले. विद्यार्थ्याला मिळणारी मोकळीक आणि कर्मचाऱ्यावर राहणारी पकड एकाच फाळणीतून येतात. सेवा कायम राहील याची हमीही नसते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये विकत घेतलेल्या क्लाउड९ ने जुलै २०२४ मध्ये नव्या ग्राहकांसाठी दार लावून घेतले.

भाड्याच्या सेवेत यंत्र मुळातच टिकण्यासाठी नसते. कोडस्पेसेसमध्ये मूळ मांडणीनुसार अर्धा तास हालचाल झाली नाही तर यंत्र थांबवले जाते, आणि थांबल्यावर तीस दिवस कोणी फिरकले नाही तर ते पुसून टाकले जाते. याला तोंड देण्यासाठी प्रोग्रामरांनी यंत्राची कृतीच प्रकल्पात लिहून ठेवायला सुरुवात केली: कोणती प्रणाली, कोणत्या भाषेची कोणती आवृत्ती, कोणती एक्स्टेन्शने, सुरू होताना चालवायच्या कोणत्या आज्ञा, हे सारे एका छोट्या फाइलीत असते आणि ती वाचून नवे यंत्र काही मिनिटांत उभे राहते. जे तिच्यात लिहिलेले नाही ते नव्या यंत्रावर नसते. मागच्या महिन्यात कधीतरी हाताने बसवलेले एखादे साधन, लांब आज्ञेला दिलेले एखादे आखूड नाव, यांची आठवण कोणी ठेवलेली नसते; बोटे सवयीने ते नाव टंकतात, टर्मिनल ते पलीकडे पोचवते, आणि अशी आज्ञा सापडली नाही असे उत्तर परत येते. मग ती ओळ फाइलीत घातली जाते आणि यंत्र पुन्हा बांधायला लावले जाते.